ताईचा ड्रॉइंग क्लास: मुलांनी मुलांना चित्रकला शिकवायची असेल तर काय काय करायचं

परीक्षा संपल्या, मे महिना लागला की घरातली दहा-बारा वर्षांची चित्र काढणारी मुलगी किंवा मुलगा एक दिवस येऊन म्हणतो, मी खालच्या छोट्या मुलांचा ड्रॉइंग क्लास घेऊ का? बहुतेक घरांत यावर "घे की" म्हणतात आणि विषय तिथेच राहतो, नाहीतर मग आईबाबा एवढे उत्साहाने पुढे सरसावतात की चार दिवसांत क्लास त्यांचाच होऊन जातो आणि मूल आपलं बाजूला. हा लेख मधला रस्ता सांगायला लिहितेय, म्हणजे क्लास खरंच मुलाचा असेल आणि तरी तो नीट चालेल, छोटी मुलं रडत घरी जाणार नाहीत, आणि शिकवणाऱ्यालाही त्यातून खूप काही मिळेल.

मुलांनी मुलांना शिकवणं ही काही नवीन गोष्ट नाही. १७९० च्या आसपास मद्रासला एग्मोरमधल्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल नावाच्या माणसाने मोठ्या मुलांकडून छोट्यांना शिकवून घ्यायची रीत बसवली होती, वाळूत बोटाने अक्षरं गिरवून घ्यायची, आणि तीच पुढे इंग्लंडमध्ये 'मद्रास पद्धत' म्हणून पसरली. आपल्याकडे गावातल्या दोन शिक्षकी शाळांमध्येही एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात तेव्हा मोठी मुलं छोट्यांची पाटी बघतातच. छोट्यांना ताईचं पटकन कळतं, कारण ताईला अजून आठवत असतं की आपल्याला काय जमत नव्हतं.

एकच नियम आधी सांगून ठेवते, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. दुसऱ्याच्या कागदावर आपली पेन्सिल लावायची नाही. कधीच नाही. छोट्याने कितीही गळ घातली, "ताई तूच काढून दे ना" म्हटलं, तरी नाही. दाखवायचं असेल तर ताईने जवळ एक कोरी वही ठेवायची आणि त्यात काढून दाखवायचं. हे मोठ्या शिक्षकांनाही जमत नाही, पण मुलांना सांगितलं की ती पाळतात.

आधी ठरवायच्या गोष्टी

शिकवणारं मूल साधारण पाचवीच्या पुढचं असावं आणि शिकणारी मुलं त्याच्यापेक्षा निदान तीन-चार वर्षांनी लहान. फरक कमी असला की "तुला तरी कुठे येतं" सुरू होतं. आणि सगळ्यात सुंदर चित्र काढणारं मूलच चांगलं शिकवतं असं अजिबात नाही बरं का, ज्याला दुसऱ्याचं काढून होईपर्यंत थांबता येतं त्याला शिकवता येतं.

मुलं किती घ्यायची? पहिल्यांदा चार, जास्तीत जास्त सहा. सोसायटीत बातमी फुटली की बारा जण येऊन उभे राहतात आणि नाही म्हणणं जड जातं, तेव्हा ते काम आईबाबांनी करायचं, "पुढच्या बॅचला घेऊ" म्हणून. सहाच्या वर गेलं तर एक मदतनीस हवाच, मैत्रीण किंवा मित्र, जो फक्त पाणी, कागद आणि रंग बघेल.

वेळ पाऊण तास, फार तर एक तास. एक दिवसाआड, आणि एकूण आठ वर्ग. आठ का, तर आठ पूर्ण होतात. "सुट्टीभर रोज" म्हणून सुरू केलेले क्लास दुसऱ्या आठवड्यात गळतात, गावाला कोण जातं, आंब्याच्या पेटीला कोण बसतं, आणि शिकवणाऱ्या मुलाला वाटतं आपलंच चुकलं. म्हणून शेवट आधी ठरवायचा. वेळ सकाळी नऊची चांगली, संध्याकाळी साडेपाचनंतर खाली सायकली आणि क्रिकेट सुरू झालं की कोणी चित्राला बसत नाही.

फीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या वेळी फी नको. सामानाचे पैसे मात्र प्रत्येकाकडून घ्यावेत, आणि त्याचा हिशोब शिकवणाऱ्या मुलानेच वहीत लिहावा, बिलं चिकटवून. फी घेतली की समोरच्या आईबाबांना रिझल्ट हवा असतो आणि मग दहा वर्षांच्या मुलीवर नसता ताण येतो.

आईबाबांच्या ग्रुपवर पाठवायचा मेसेज मुलाकडून लिहून घ्या, तुम्ही फक्त तुमच्या फोनवरून पाठवा. साधारण असा:

"नमस्कार काका-काकू, मी सोमवारपासून ५ ते ८ वर्षांच्या मुलांचा चित्रकलेचा क्लास घेणार आहे. वेळ सकाळी ९ ते ९.४५, सोमवार-बुधवार-शुक्रवार, एकूण ८ दिवस. जागा आमचा हॉल. फी नाही, सामानाचे पैसे द्यायचे आहेत. मुलांना जुने कपडे घालून पाठवा, पाण्याची बाटली द्या. घ्यायला कोण येणार ते कळवा. आई घरीच असेल."

शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची आहेत. दुसऱ्यांची लहान मुलं आपल्याकडे येतायत, तेव्हा घरात एक मोठं माणूस पूर्ण वेळ हवंच, आणि मूल कोणाबरोबर घरी जाणार ते आधी माहीत हवं. फोटो काढायचे तर चित्रांचे काढा, मुलांचे काढायचे असतील तर त्यांच्या घरच्यांना विचारून.

जागा

घरचा हॉल सगळ्यात बरा. सोसायटीचा क्लबहाऊस मिळत असेल तर उत्तम, सेक्रेटरी काकांना मुलालाच जाऊन विचारू द्या. पार्किंग नको, गाड्या मागेपुढे होत असतात. गच्ची मे महिन्यात नऊनंतर तापते.

जमिनीवर सतरंजी टाकून बसवा, टेबल-खुर्चीची काही गरज नाही. प्रत्येकाला परीक्षेचं पॅड द्या, कारण पंखा लावला की कागद उडतात आणि अर्धा वर्ग कागद पकडण्यात जातो. रंगांच्या दिवशी खाली रद्दी पेपर. पाण्यासाठी ग्लास नको, बुटका, रुंद बुडाचा डबा घ्या, श्रीखंडाचा रिकामा डबा अगदी बरोब्बर, दोन मुलांत एक. आणि गोलात न बसवता अर्धगोलात बसवा, म्हणजे ताईची वही सगळ्यांना सरळ दिसते, गोलात बसलं की समोरच्याला चित्र उलटं दिसतं आणि तो मान वाकडी करून बसतो.

सामान

इथे लोक उगाच खर्च करतात. चोवीस रंगांचे डबे, पॅलेट, इझल काही नको. सहा मुलांना आठ दिवस एवढं पुरतं:

- साधे ए-फोर कागद, पेन्सिल आणि खडूसाठी. झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा कागद चालतो, पण त्याच्यावर पाण्याचे रंग घेतले की तो पापडासारखा वर येतो, म्हणून रंगांच्या दिवसांसाठी थोडे जाड कार्ट्रिज पेपर वेगळे आणा.
- एचबी पेन्सिली. छोट्यांना फोरबी वगैरे मऊ, गडद पेन्सिली देऊ नका, हाताने फासून कागद काळा होतो.
- ऑइल पेस्टलचे दोन-तीन डबे, सगळ्यांत मिळून.
- पोस्टर कलर, फक्त लाल, पिवळा, निळा, पांढरा आणि काळा. बाकीचे रंग मुलांना मिसळून करू द्या, पिवळ्यात निळा गेल्यावर हिरवा होताना बघणं हाच अर्धा वर्ग आहे.
- पुस्तकांना घालतात तो खाकी कव्हर पेपर, इअरबड, जुना स्पंज, फेव्हिकॉल.
- खोडरबर एकच. तो ताईकडे. हवा असेल त्याने येऊन मागायचा.

एका खोडरबराची गंमत करून बघा. प्रत्येकाकडे रबर असला की मुलं काढतात कमी आणि खोडतात जास्त. उठून मागायला लागलं की निम्म्या वेळा ती त्याच रेघेचं काहीतरी दुसरंच करून टाकतात, आणि चित्र बिघडण्याऐवजी रंगतं.

रंगीत तालीम आजीबरोबर

ही पायरी लोक सोडून देतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात जास्त शिकवणारी आहे.

क्लासच्या आदल्या दिवशी शिकवणाऱ्या मुलाने आजीला, आजोबांना किंवा जे कोणी मोकळं असेल त्याला समोर बसवायचं आणि चित्र न दाखवता फक्त बोलून शिकवायचं. आजीला आधीच सांगून ठेवायचं की नात जेवढं सांगेल तेवढंच काढ, स्वतःचं डोकं लावू नको.

नात म्हणते, "एक गोल काढ." आजी कागदाच्या कोपऱ्यात रुपयाएवढा गोल काढते. "अगं एवढा छोटा नाही!" मग कसा? "मोठा." आजी अख्ख्या कागदाएवढा काढते. तिसऱ्या खेपेला नात स्वतःच म्हणते, "कागदाच्या मधोमध, तुझ्या मुठीएवढा गोल काढ." हे वाक्य तिला सापडलं की तिला शिकवणं म्हणजे काय ते कळलं. पुढे "त्याच्या खाली पोट" असं न म्हणता "गोलाला खालून चिकटून, दुप्पट मोठा, लांबट आंब्याच्या आकाराचा" असं आपोआप यायला लागतं. कुठे, केवढा, कशाला चिकटून, ही तीन उत्तरं प्रत्येक रेघेबरोबर द्यायची.

हे झाल्यावर तिने वहीच्या एका पानावर चार ओळी लिहायच्या: आज काय काढायचं, कुठून सुरुवात, कोणतं सामान लागणार, आणि ज्याचं आधी होईल त्याला पुढे काय द्यायचं. चौथी ओळ विसरायची नाही. दोन मिनिटांत "झालं!" म्हणणारा एक तरी असतोच, आणि त्याला काम नसेल तर तो शेजारच्याच्या चित्रात हात घालतो.

पाऊण तास कसा वापरायचा

पहिली पाच मिनिटं हात मोकळे करायचे. हवेत मोठे गोल, उभ्या रेघा, मग कागदावर पावसाच्या तिरक्या रेघा, समुद्राच्या लाटा, जिन्याच्या पायऱ्या. मग दहा मिनिटं ताईबरोबर एक एक टप्पा. त्यानंतर वीस मिनिटं मुलांचं स्वतःचं, आणि ताईने फिरत राहायचं, उभं राहून वरून न बघता शेजारी उकिडवं बसून. उरलेला वेळ आवरायला आणि चित्रं मांडून बघायला. आवरणं मुलांनीच करायचं, ब्रश धुणं, खडू डब्यात, पेपर गुंडाळणं. हे ताईने एकटीने केलं तर तिसऱ्या दिवशी तिला क्लासचा कंटाळा येतो.

गोंगाट झाला तर ओरडायचं नाही, ताईने टाळ्यांचा एक ठेका वाजवायचा आणि सगळ्यांनी तो परत वाजवायचा. दोनदा केलं की शांत होतात.

आठ दिवसांत काय शिकवायचं

पूर्ण यादी ठरवून देत नाही, प्रत्येक मुलाला स्वतःला काय येतं त्यावर ते ठरावं. पण काही विषय हमखास चालतात.

वारली चित्र पहिल्या दिवशी घ्या. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणसाचं धड, वर गोल डोकं, मग काड्यांचे हातपाय, आणि पाच वर्षांच्या मुलालाही माणूस जमतो. खाकी कव्हर पेपरवर पांढरा पोस्टर कलर, आणि ब्रशऐवजी इअरबड किंवा टूथपिक. ताईने काढता काढता सांगावं की ही चित्रं डहाणू, तलासरी भागातले वारली लोक गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढत आले, बांबूच्या काडीचं टोक ठेचून त्याचा ब्रश करत, आणि लग्नात देवचौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चौकोनी चित्र, काढायचा मान बायकांचा असायचा. जिव्या सोमा म्हसे यांनी ती चित्रं कागदावर आणून जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. एवढं सांगितलं तर मुलं "सोप्पंय" म्हणून उडवत नाहीत. शेवटी सगळ्यांनी मिळून एका मोठ्या कागदावर तारपा नाच करायचा, मध्ये तारपा वाजवणारा, भोवती हात धरलेल्या माणसांचं वेटोळं, प्रत्येकाने दोन-तीन माणसं जोडायची.

भेंडीचे छाप हा दुसरा हुकमी विषय. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. कापायचं काम घरातल्या मोठ्या माणसाने आधी करून ठेवायचं. कापलेली बाजू चिकट असते, ती कागदावर टिपून थोडी वाळू द्यायची, नाहीतर रंग धरत नाही. रंग वाटीत ठेवून भेंडी बुडवली की छापाचा नुसता डाग होतो, म्हणून बशीत ओला स्पंज ठेवून त्यावर घट्ट रंग पसरायचा आणि भेंडी त्यावर दाबायची, शाईच्या पॅडवर शिक्का दाबतात तशी. पहिला छाप गडद येतो, दुसरा-तिसरा जास्त सुंदर, हे ताईने दाखवून द्यावं.

ठिपक्यांची रांगोळी कागदावर घ्या, मधली ओळ पाच ठिपक्यांची, वरखाली एक एक कमी होत पाच ते एक. ठिपके सरळ आले नाहीत तर रेघा जुळत नाहीत हे मुलांना स्वतःलाच कळतं, कोणी सांगावं लागत नाही.

मेणखडूची जादू: पांढऱ्या ऑइल पेस्टलने जाड कागदावर दाबून काहीतरी काढायचं, ते दिसत नाही, मग वरून पातळ निळा रंग फिरवला की चित्र वर येतं. मुलं ओरडतात, तयारी ठेवा.

समोर वस्तू ठेवून काढायचा एक दिवस हवाच. तांब्या, लिंबू, वाटी. छोटी मुलं तांब्याचं तोंड पूर्ण गोल काढतात आणि बूड सरळ रेघेने. सात-आठ वर्षांच्या मुलाला तांब्या डोळ्यांसमोर धरून हळूहळू खाली न्यायला सांगा, तोंड आधी रेघेसारखं दिसतं आणि मग उघडत जातं. पाच वर्षांच्याला हे सांगायच्या भानगडीत पडू नका, त्याला त्याचा गोल काढू दे. सातवी-आठवीतली ताई किंवा दादा एलिमेंटरी या सरकारी चित्रकला परीक्षेची तयारी करत असेल तर त्याला यातून थेट फायदा होतो, कारण त्या परीक्षेत वस्तुचित्र असतं, स्मरणचित्र (आठवणीतून काढायचं) आणि संकल्पचित्र (नक्षीचं) असतं, आणि तांब्याच्या तोंडाचा लंबगोल सहा जणांना समजावून सांगितला की तो स्वतःच्या हातात पक्का बसतो.

स्मरणचित्रासाठी विषय मुलांच्या रोजच्यातला द्या: पावसातला बसस्टॉप, भाजीवाल्या मावशींची गाडी, गणपतीची मिरवणूक. "निसर्गचित्र" म्हटलं की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि एक झोपडी येते, सगळ्यांची एकसारखी. ते विसरायला लावायचं असेल तर ताईने प्रश्न विचारायचे. भाजीवाल्या मावशी बसलेल्या असतात की उभ्या? तराजू कुठे असतो? गाडीच्या खाली काय ठेवलेलं असतं?

काय बोलायचं आणि काय नाही

नुसतं "छान" म्हणू नका, हे ताईला सांगा. सगळ्यांनाच छान म्हटलं की छानला काही अर्थ राहत नाही. जे दिसतंय ते बोलायचं: "तुझ्या झाडाला मुळं पण आहेत", "हा काळा रंग तू किती दाबून भरलायस". चित्र कळलं नाही तर "हे काय आहे?" असं विचारण्यापेक्षा "इथे काय चाललंय सांग ना" म्हणायचं.

पाच-सहा वर्षांची मुलं आकाशाची निळी पट्टी कागदाच्या अगदी वर काढतात, खाली गवताची पट्टी, मधे पांढरं. घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात. आई घरापेक्षा मोठी असते. हे त्या वयाचं बरोबर चित्र आहे. ताईने ते सुधारायला जाऊ नये, आणि घरच्यांनी घ्यायला आल्यावर "सूर्य कधी जांभळा असतो का" म्हणून हसू नये, हे तुम्ही त्यांना हळूच सांगायचं.

"मला येत नाही" म्हणून जे मूल बसून राहतं त्याला ताईने विचारायचं, यातलं कुठलं येतंय? घोडा येत नसेल तर घोड्याची शेपटी येते का? तिथून सुरू कर. हे जवळजवळ नेहमी चालतं. "ताई, हा माझं बघून काढतोय" ही तक्रार रोज येणार. उत्तर: "बघू दे, बघूनच शिकतात, तू पुढे काय काढणार ते दाखव." रंगावरून भांडण झालं तर तो रंग पाच मिनिटं ताईकडे जमा.

शिकवणाऱ्याचाच धाकटा भाऊ किंवा बहीण वर्गात असेल तर तेच सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. त्याला कागद वाटायचं काम द्या आणि ताईपासून लांबच्या टोकाला बसवा. आणि वर्गात "मॅडम" वगैरे नको, ताई किंवा दादाच बरं.

आईबाबांनी कुठे असायचं

शेजारच्या खोलीत, दार उघडं ठेवून. आवाज ऐकू येईल, पण तुम्ही दिसणार नाही असं. तुम्ही समोर बसलात की छोटी मुलं प्रत्येक गोष्ट तुम्हालाच विचारतात आणि ताईची ताईगिरी संपते. आत कधी जायचं? कोणाला लागलं, कोणी खूप रडतंय, कोणाला घरी जायचंय, मारामारी. गोंधळ, सांडलेलं पाणी, आणि "आज काय काढायचं ते विसरले" यासाठी नाही. पाच मिनिटं ती गप्प उभी राहील, राहू दे, ती काहीतरी शोधून काढते.

क्लास झाल्यावर तिला फार विचारू नका. आज कोणाचं काय बघून मजा आली, आणि उद्या काय वेगळं करशील, बस. ते तिने वहीत दोन ओळीत लिहून ठेवावं. पाचव्या-सहाव्या दिवशी "कंटाळा आला, उद्या नको" हे येऊ शकतं. तेव्हा मदतनीस मैत्रिणीला त्या दिवशी शिकवू द्या आणि हिने मदत करावी, पण वर्ग बंद करू नका, कारण सहा मुलं पिशवी घेऊन दाराशी येणार आहेत आणि शब्द तिने दिलाय.

शेवटचा दिवस

आठव्या दिवशी प्रदर्शन. जिन्यात किंवा लॉबीत दोरी बांधा, कपड्यांचे चिमटे लावा, छोट्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. प्रत्येकाची दोन चित्रं, कुठली ते ज्याची त्याने ठरवायची. खाली नाव आणि वय मुलाने स्वतःच्या हाताने लिहायचं, अक्षर उलटं आलं तरी. नंबर नाहीत, बक्षिसं नाहीत. नंबर काढायचा मोह सोसायटीतल्या मोठ्यांना होतो, कोणीतरी परीक्षक म्हणून यायला तयारच असतं, त्यांना सरबत द्या आणि चित्रं बघायला सांगा. ताईचंही एखादं चित्र त्याच दोरीवर लावा, मधेच कुठेतरी.

मग ताईने हिशोबाची वही घेऊन बसायचं. सामानाचे किती आले, किती गेले, जे उरले ते सारखे वाटून पाकिटात घालून प्रत्येकाच्या घरी द्यायचे, आणि उरलेले खडू, कागद डब्यात भरून त्यावर तारीख टाकून ठेवायची, दिवाळीच्या सुट्टीत आकाशकंदील करायला लागतील.